मायनरला जपानी घेताय? मग आधी तासांचा हिशेब मांडा

मायनर म्हणजे पदवीत मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या, जोडीला घ्यायचा दुय्यम विषय. तो क्रेडिटांत मोजतात आणि वर्गात शिकवायच्या विषयाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत मायनरसाठी २४ क्रेडिट धरली आहेत, चार वर्षांच्या पदवीत ३२. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मायनर साधारण १८ ते २० क्रेडिटांचा असतो. वीस गुणिले पंधरा, म्हणजे ३०० तास. त्यातून गॅदरिंग, सबमिशन, परीक्षा आणि ‘आज लेक्चर नाहीये’ हे तुम्हीच वजा करा.

आता हा आकडा जपानीच्या परीक्षेशेजारी ठेवून बघा. जपानी भाषेची जगभर चालणारी परीक्षा म्हणजे जेएलपीटी. ती १९८४ साली सुरू झाली. २०१०च्या आधी तिचे चारच स्तर होते आणि प्रत्येक स्तराला अंदाजे किती तास अभ्यास लागतो ते अधिकृतपणे सांगितलेलं असायचं: सगळ्यात खालच्याला १५०, त्याच्या वरच्याला ३००, मग ६०० आणि सगळ्यात वरच्याला ९००. आज एन५ (सगळ्यात खालचा) ते एन१ (सगळ्यात वरचा) असे पाच स्तर आहेत. जुना ३०० तासांचा स्तर म्हणजे आजचा एन४. एन३ हा एन४ आणि एन२च्या मध्ये नव्याने घातलेला स्तर.

म्हणजे मायनर नीट झाला, एकही तास बुडाला नाही आणि सगळे तास भाषेलाच मिळाले, तर तुम्ही एन४पर्यंत पोहोचता. ‘भाषा आणि संस्कृती’ असा मायनर असेल तर काही पेपर इतिहास-समाज-साहित्याचे असतात आणि ते बहुधा इंग्रजीतून शिकवले जातात. मग भाषेचे तास आणखी कमी होतात. नोकरीच्या जाहिराती बघाल तर तिथे सहसा एन३ किंवा एन२ मागतात. या दरीबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणी बोलत नाही आणि तिसऱ्या वर्षी मुलं म्हणतात, ‘एवढं शिकून काय उपयोग?’

तरीही मायनर घ्यावा असंच मी सांगेन. मात्र पाया, शिस्त आणि संदर्भ कॉलेज देईल आणि पुढचा अर्धा रस्ता आपण सुट्ट्यांत स्वतः कापायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: हा खरोखर मायनर आहे की ओपन इलेक्टिव्ह? ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दोन-चार क्रेडिटांचा सुटा पेपर. त्यात हिरागाना ही पहिली लिपी शिकून होते आणि सत्र संपतं. मायनर म्हणजे चार-पाच सत्रं चालणारी साखळी. प्रॉस्पेक्टसमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम मागून घ्या. पुढच्या सत्रांचा अभ्यासक्रम ‘अजून यायचाय’ असं उत्तर मिळालं तर विचार करा.

दुसरा प्रश्न: शिकवणाऱ्यांचा स्तर काय? एन२ किंवा त्यावरचा असावा. विचारायला संकोच वाटतो, पण चांगले शिक्षक हे आपणहून सांगतात. तिसरा प्रश्न: बॅचमध्ये अकरावी-बारावीला जपानी घेतलेली मुलं आणि कोरी पाटी असलेली मुलं एकत्र बसणार का? बसणार असतील तर पहिलं सत्र एका गटाला कंटाळवाणं जातं, दुसऱ्याला जड.

तुमच्या कॉलेजात मायनर नसेल तरी वाट बंद होत नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा स्वतंत्र विभाग आहे. इंडो-जॅपनीज असोसिएशनचे वर्ग आहेत. लहान गावातल्या मुलांसाठी स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटी कानपूरचा जपानी भाषा आणि संस्कृतीचा प्राथमिक कोर्स येऊन गेलेला आहे. असे ऑनलाइन क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधून (विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) तुमच्या पदवीत धरतील का, हे मात्र कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका. परीक्षा विभागात तोंडी ‘हो’ चालत नाही.

पहिले सहा आठवडे: लिपी आणि उच्चार

हिरागानाची मूळ ४६ अक्षरं, काताकाना या दुसऱ्या लिपीचीही तेवढीच. इथे मराठी मुलांना फुकटात मिळालेला फायदा आहे. जपानी वर्णमालेचा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या भारतीय वर्णविचारातून आलेला आहे. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या ‘च’ वर्गाच्या जागी ‘स’ बसलाय, ‘प’ वर्गाच्या जागी ‘ह’, बाकी गाडी आपल्याच रुळांवर. त्यामुळे तक्ता इंग्रजी मुलासारखा तुकड्या-तुकड्यांनी पाठ करू नका. बाराखडी म्हणतो तसा ओळीने म्हणा, आठवड्यात बसतो.

उच्चारांतही तसंच. ‘त्सुनामि’तला ‘त्सु’ हिंदीभाषक मुलांना जड जातो. आपण ‘चुलत’ आणि ‘चुकला’ म्हणताना जवळजवळ तोच आवाज काढतो. ‘चि’ म्हणताना आपली जीभ आपोआप ‘चिमणी’च्या जागी जाते, जपानीतही ‘चि’ तसाच आणि ‘त्सु’ असाच. पाण्याला ‘मिझु’ म्हणतात, त्यातला ‘झु’ आपल्या ‘जुना’तल्या ‘जु’च्या अगदी जवळचा.

घोटाळा होतो तो ऱ्हस्व-दीर्घात. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार आपण दीर्घच म्हणतो, म्हणून ‘सुशि’चं ‘सुशी’ होतं. उलट ‘तोक्यो’ आपण घाईत उरकतो, तिथे दोन्ही ‘ओ’ लांबवायचे असतात: तोऽक्योऽ. हे नुसतं शोभेचं नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना आजी म्हणून बघा, मग लक्षात राहील.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वहीत उच्चार देवनागरीत लिहा, रोमन लिपीत नको. रोमनमुळे इंग्रजी उच्चार डोक्यात शिरतात आणि मग निघत नाहीत. चौथ्या आठवड्यापासून देवनागरीही बंद. कुबडी फार दिवस वापरली की काताकाना कच्चं राहतं, आणि इंग्रजीसारख्या भाषांतून जपानीत आलेले बहुतेक शब्द तर काताकानातच असतात.

काताकानात ‘शि’ आणि ‘त्सु’ ही जोडी सगळ्यांना छळते. दोन्हींत दोन बारीक टिंबवजा रेघा आणि एक लांब रेघ असते. ‘शि’मध्ये बारीक रेघा डावीकडे एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर उजवीकडे जाते. ‘त्सु’मध्ये बारीक रेघा वर शेजारी-शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली डावीकडे उतरते. ‘न्’ आणि ‘सो’ ही दुसरी जोडी, तिलाही हाच नियम: खालून वर जाणारी ‘न्’, वरून खाली येणारी ‘सो’. नुसतं डोळ्यांनी बघून हा फरक पक्का होत नाही, हाताने पन्नासदा गिरवावा लागतो.

व्याकरण: मराठीतून शिका, इंग्रजीतून नको

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. आपल्याकडे जपानीची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे सर्वांत रुळलेलं पाठ्यपुस्तक. प्राथमिक स्तराचे दोन भाग, पहिल्यात धडे १ ते २५, दुसऱ्यात २६ ते ५०. त्याच्या भाषांतराच्या पुस्तिकेतलं इंग्रजी वाचून मुलं जपानी वाक्य आधी इंग्रजीत फिरवतात, मग मराठीत, आणि दमतात. मधला थांबा काढून टाका. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे, ‘काल घेतलेलं पुस्तक’ म्हणताना विशेषणासारखं आधी येणारं क्रियापद: हे सगळं जपानीत आपल्यासारखंच आहे.

खरी मौज क्रियापदाच्या ‘ते’ रूपापाशी येते. पुस्तकात त्यावर पानंच्या पानं आहेत. मराठी माणसाला एक ओळ पुरते: ‘ते’ म्हणजे आपला ‘ऊन’. आता बघा. ‘ताबेते मिरु’, म्हणजे खाऊन बघणे. ‘मिरु’चा मूळ अर्थही बघणेच. ‘कात्ते ओकु’, विकत घेऊन ठेवणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, आणि पाहुणे यायच्या आधी दूध घेऊन ठेवतो तोच भाव. ‘ताबेते शिमाउ’, खाऊन टाकणे. हेच ‘शिमाउ’ चुकीबद्दल हळहळताना येतं, ‘वासुरेते शिमात्ता’, तेव्हा मराठीत आपण ‘विसरून बसलो’ म्हणतो. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणालं की आजी रागावते.

म्हणून वहीचं एक पान वेगळं ठेवा. प्रत्येक नवी रचना आली की तिच्यासमोर घरात बोलतो तसं एक मराठी वाक्य लिहायचं. पुस्तकी मराठी नको, स्वयंपाकघरातलं चालेल.

जिथे मराठी मदत करत नाही तिथेही हे पान उपयोगी पडतं, कारण फरक लगेच दिसतो. ‘पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात काम करतो’, दोन्हीकडे आपला एकच ‘त’. जपानीत राहण्याला ‘नि’ लागतो आणि काम करण्याला ‘दे’: ‘पुने नि सुन्दे इमासु’, ‘पुने दे हातारैते इमासु’. जिथे नुसतं असणं-राहणं आहे तिथे ‘नि’, जिथे काही क्रिया घडते तिथे ‘दे’. हा एक मुद्दा एन५ आणि एन४ या दोन्ही परीक्षांत गुण मिळवून देतो. ‘वा’ आणि ‘गा’ या नामामागे लागणाऱ्या प्रत्ययांचा फरक मात्र नियमाने सुटत नाही. तो वाचून-वाचून अंगवळणी पडतो, त्यावर पहिल्या वर्षी झोप घालवू नका.

मोजण्याचे शब्द कंटाळवाणे आहेत. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना इप्पोन, निहोन, साम्बोन. कागदाला वेगळे, पुस्तकाला वेगळे, मांजराला वेगळे. यावर युक्ती नाही, पाठ करा.

कांजी: किती लिहायच्या, किती नुसत्या ओळखायच्या

कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेली, अर्थ दाखवणारी चिन्हं. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. ही यादी २०१० साली सुधारली गेली. आकडा बघून घाबरू नका. एन५ला साधारण १००, एन४पर्यंत मिळून ३००.

एकेका कांजीचे अनेक उच्चार असतात आणि ते सुटे पाठ करणं हा वेळेचा अपव्यय आहे. ‘माणूस’ ही कांजी घ्या: ‘हितो’, ‘जिन’, ‘निन’. असं रटलं तर परीक्षेत कुठला कुठे ते कळत नाही. त्याऐवजी शब्द शिका: इन्दोजिन म्हणजे भारतीय, सान्निन म्हणजे तिघं, हितोरि म्हणजे एकटा. उच्चार शब्दाबरोबर येतो.

रेघांचा क्रम हाही वादाचा विषय. ‘उजवा’ आणि ‘डावा’ या दोन कांजींत वरचा भाग सारखाच दिसतो: एक आडवी रेघ आणि तिला छेदून डावीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ. खाली ‘उजवा’त चौकट येते, ती ‘तोंड’ची कांजी, ‘डावा’त दोन आडव्या रेघांमध्ये एक उभी, ती ‘काम’ची. आणि गंमत म्हणजे वरचा भाग सारखा असून क्रम उलटा: ‘उजवा’ लिहिताना तिरकी रेघ आधी, ‘डावा’ लिहिताना आडवी आधी. मुलं विचारतात, एवढं कशाला? जेएलपीटीत लिहायचं काहीच नसतं, सगळे पर्याय निवडायचे. पण कॉलेजच्या सत्र परीक्षेत हाताने लिहायचं असतं. माझा सल्ला: पहिल्या शंभर कांजी क्रमासकट हाताने घटवा, पुढच्या दोनशे लिहिता आल्या तर उत्तम, त्यापुढच्या नुसत्या वाचता आल्या तरी चालेल. आज जपानी माणूसही टाइपच करतो.

रोज दहा नवे शब्द, जास्त नाही. अँकीसारखं कार्डांचं अ‍ॅप वापरा, ते विसरत आलेलं कार्ड नेमकं पुन्हा समोर आणतं. बसमध्ये होतं.

ऐकणं: कॉलेज हे करून घेत नाही

चाळीस मुलांच्या वर्गात ऐकण्याचा सराव होत नाही, हे शिक्षकांनाही माहीत असतं. आणि जेएलपीटीत ऐकण्याच्या भागात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. धड्याची ध्वनिफीत आधी पुस्तक न बघता ऐका, मग वाक्य-वाक्य थांबवून त्याच सुरात म्हणा. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे सोप्या जपानीचे धडे फुकट आहेत. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरि’ हे पाठ्यपुस्तक आवाजासकट फुकट उतरवता येतं, आणि त्यात दुकान, दवाखाना, कचरा वर्गीकरण असे रोजचे प्रसंग आहेत. अ‍ॅनिमे बघा, पण त्यातली बोली मुलाखतीत वापरू नका. तिथली पात्रं एकमेकांशी ‘अरे-तुरे’त बोलतात.

परीक्षेचं वेळापत्रक

जेएलपीटी वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईला केंद्रं आहेत. आपल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं, त्यामुळे डिसेंबरची जेएलपीटी नेमकी सत्र परीक्षेच्या अंगावर येते. जुलैची त्याच्या उलट: मे आणि जून हे दोन मोकळे महिने हातात. म्हणून बेत जुलैचाच ठेवा. अडचण एवढीच की जुलैचे अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास भरायचे असतात, तेव्हा तुम्ही उन्हाळी परीक्षेच्या धसक्यात असता, आणि जागा भराभर संपतात. फेब्रुवारीपासूनच केंद्राच्या संकेतस्थळावर नजर ठेवा.

एन५ला १८०पैकी ८० गुण लागतात, एन४ला ९०. पण नुसत्या बेरजेने भागत नाही: भाषा-वाचनाच्या एकत्र भागात १२०पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६०पैकी किमान १९ हवेतच. एन३ला तीन वेगळे भाग होतात, प्रत्येकी ६०चे, प्रत्येकात किमान १९ आणि एकूण ९५. ऐकण्यात १८ पडले की बाकी कितीही चांगलं असलं तरी नापास. बोलण्याची परीक्षा यात नसते, ही तिची मोठी उणीव. म्हणून एन३ झालेली मुलं मुलाखतीत दोन वाक्यांपुढे जात नाहीत असं दृश्य दिसतं.

समजा मायनर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला लागला. पहिल्याच डिसेंबरला एन५ देण्याचा मोह होतो, क्लासवाले भरीलाही घालतात. एका सत्रात भाषेचे जेमतेम साठ-सत्तर तास झालेले असतात, घाई नको. पुढच्या जुलैला एन५ द्या, तोवर १५० तास होतात. त्याच्या पुढच्या जुलैला, पदवी हातात येताना, एन४. एन३ला कॉलेज पुरत नाही, म्हणूनच घरच्या अभ्यासाचं गणित आतापासून मांडायचं: रोज ४५ मिनिटं, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे २२५ तास. दोन वर्षांत ४५०. कॉलेजचे तास मिळवले तर कागदावर एन२सुद्धा दिसायला लागतो, पण तासांचा तो अधिकृत अंदाज उदार होता. एन३ पक्का धरा. चार वर्षांची पदवी करणाऱ्यांना तो शेवटच्या वर्षात सहज बसतो.

संस्कृतीचे पेपर वाया घालवू नका

या पेपरांकडे मुलं ‘स्कोअरिंग’ म्हणून बघतात. किमोनो, चहा समारंभ, चेरीचा बहर, झालं. हे बरोबर नाही, कारण भाषेतली सगळ्यात अवघड गाठ संस्कृतीच्या पेपरातच सुटते. आदरार्थी बोलणं आपल्याला नवं नाही. तू, तुम्ही, आपण यांतून आपण सारखे ये-जा करतो. पण आपल्याकडे आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब ते साहेबच, कुणाशीही बोलताना. जपानी कचेरीत तसं नाही. बाहेरच्या कंपनीतून फोन आला आणि तुमचे वरिष्ठ वातानाबे जागेवर नसतील, तर त्यांच्याच नावामागचा ‘सान’ काढून नम्र रूपात सांगायचं: ‘वातानाबे वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.’ बाहेरच्यासमोर आपला साहेबही ‘आपल्यातला’, म्हणून त्याचा मान कमी करून बोलायचं. फोन ठेवल्यावर त्याच वातानाबेंना पुन्हा ‘सान’. आतले आणि बाहेरचे, ‘उचि’ आणि ‘सोतो’, हा धडा समाजशास्त्राच्या पेपरात वाचलेला असेल तर व्यावसायिक जपानी निम्मं सोपं होतं. नसेल तर मराठी मुलगा हमखास ‘आमचे वातानाबे साहेब’ म्हणून मोकळा होतो.

इतिहासात काळखंड नीट बसवा: हेइआन ७९४ ते ११८५, एदो १६०३ ते १८६८, मेइजी १८६८ ते १९१२. याचा रोजचा उपयोगही आहे. जपानमध्ये सरकारी फॉर्मवर आजही सम्राटांच्या राजवटीचं वर्ष लिहितात. १ मे २०१९ला रेइवा सुरू झाला, म्हणून इसवी सनातून २०१८ वजा केले की रेइवाचं वर्ष मिळतं.

प्रकल्पासाठी विषय निवडताना इंटरनेटवरून ‘सामुराई’ उचलू नका. आपल्या मेजरशी आणि आपल्या गावाशी जुळणारं काही घ्या. वाणिज्यवाल्यांना मुंबई-जपान कापूस व्यापार आहे: निप्पोन युसेन कंपनीने १८९३ साली मुंबईसाठी जहाजवाहतूक सुरू केली, त्यामागे जमशेटजी टाटांचा हात होता, आणि त्या काळात टाटा ज्यांना भेटले ते उद्योगपती शिबुसावा एइइचि २०२४पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहेत. आर्किटेक्चर किंवा वनस्पतिशास्त्राची मुलं सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसू शकतात. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे आणि मूळ बाग १७००च्या सुमारास पूर्ण झालेली. तिथल्या पाण्याच्या वाटा आणि दूरचं दृश्य बागेत सामावून घेण्याची पद्धत पुण्याच्या हवेत कशी बदलली, यावर चांगलं काम होईल. मराठीवाल्यांना हायकू: शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, आणि ५-७-५ची जपानी मोजणी आपल्या अक्षरगणनेत नेमकी कुठे बसत नाही हे तपासण्याजोगं आहे. नागपूरकडच्या मुलांना तर जपानमधून येऊन तिथे स्थायिक झालेले बौद्ध भिक्षू भदंत सुरई ससाई आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार हे विषय दाराशीच आहेत. अभियांत्रिकीवाल्यांनी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनमधलं शिंकानसेन तंत्रज्ञान घ्यावं.

प्रकल्प इंग्रजीत किंवा मराठीत लिहा, पण शेवटी जपानीत एक पान सारांश स्वतः लिहून जोडा. साध्या वाक्यांत, यंत्रभाषांतर न करता. मुलाखतीत दाखवायला याहून चांगला कागद तुमच्याकडे नसेल.

पुढे काय

ऑन-जॉब ट्रेनिंगची क्रेडिट असतील तर ती जपानी ग्राहक असलेल्या आयटी कंपनीत किंवा चाकणसारख्या पट्ट्यातल्या कारखान्यात मिळवायचा प्रयत्न करा. एन४वर भाषांतराचं काम मिळत नाही. पण पार्ट्सच्या याद्या, मेलचा विषय वाचून योग्य माणसाकडे पाठवणं, पाहुण्यांच्या भेटीची तयारी अशी कामं मिळतात, आणि त्यांतूनच पुढची दारं उघडतात. इथे मेजरचं वजन कळतं. नुसतं एन३ असलेल्यांपेक्षा एन३ असलेला मेकॅनिकल इंजिनिअर किंवा एन३ येणारी अकाउंटंट लवकर उचलली जाते. मायनरचा खरा फायदा हाच.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जपानी भाषा-संस्कृतीचा वर्षभराचा एक प्रकार आहे. तो मुळात याच विषयात मुख्य शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे मायनरवाल्यांनी त्या वर्षीच्या सूचनेतली पात्रतेची ओळ वाचूनच अर्जाच्या मागे लागावं. पदवीनंतरचा संशोधन विद्यार्थ्यांचा प्रकार मात्र तुमच्या मेजरवर उभा असतो. तिथे संशोधनाचा आराखडा चोख लागतो, आणि तो लिहिताना तुमचा मायनरचा प्रकल्प उपयोगी पडतो.

कुणी घेऊ नये, हेही सांगतो. ज्याला फक्त एन५चं प्रमाणपत्र हवंय, त्याने संध्याकाळचा क्लास लावावा. स्वस्तात आणि लवकर होतं. ज्याच्या मेजरला प्रयोगशाळेचे तास भरपूर आहेत आणि रोजची पाऊण तासाची बैठक जमणार नाही, त्याने सोपा मायनर घ्यावा. जपानी आठवडाभर बंद ठेवली तर पुढचे चार दिवस मागचं उकरण्यात जातात.

बायोडेटात ‘जपानी येतं’ एवढंच लिहू नका. मायनरचं पूर्ण नाव, क्रेडिट, जेएलपीटीचा स्तर आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष, आणि प्रकल्पाचा विषय एका ओळीत लिहा. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण चार वर्षांपूर्वीचा एन४ दाखवलात तर समोरचा जपानीत एक प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा.